काळ्या लाइटनिंगसाठी कोणतं हूड?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

अमेरिकेत राहणाऱ्या एका वाचकाकडे 2003 सालची काळी फोर्ड एफ-150 एसव्हीटी लाइटनिंग आहे. ऑफिसला जायला दुसरी गाडी आहे. ही पिकअप सुट्टीच्या दिवशी बाहेर निघते आणि उन्हाळ्यात अधूनमधून ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या पट्टीवर, जाते. इंजिन आणि सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप, कंपनीचेच आहेत, फक्त सुपरचार्जर फिरवणारी पुली लहान केली आहे आणि त्यानुसार ट्यूनिंग करून घेतलं आहे. पहिला रन झकास होतो, पण गरम दिवशी दुसऱ्या-तिसऱ्या रनला गाडी मंदावते. त्यावर उपाय म्हणून हूड, म्हणजे बॉनेट, बदलायचं त्यांनी ठरवलं आहे. डोळ्यांसमोर तीन प्रकार आहेत: काचेच्या बाजूला उघडं असलेलं चार इंच उंचीचं काउल हूड, पुढे तोंड असलेलं रॅम एअर हूड आणि उष्णता बाहेर सोडणाऱ्या झरोक्यांचं कार्बन फायबरचं हूड. विक्रेता म्हणतो, रॅम एअरनं पंधरा हॉर्सपॉवर वाढतील. मित्र म्हणतो, काउल घे, सगळी उष्णता मागून निघून जाईल. पत्नी म्हणते, आहे ते हूड छान दिसतंय, मग खर्च कशाला? पुढेमागे मोठा सुपरचार्जर बसवायचा विचारही आहे, पण नक्की काही नाही. शेवटी ते लिहितात, "खोटं स्कूप (हूडवरचं हवेचं तोंड) लावलं तर जाणकार हसतील, ही भीती आहे. कोणतं घेऊ?"

उत्तर

सप्रेम नमस्कार,

पत्रासोबत तुम्ही चार फोटो पाठवलेत. रॅम एअरचा एक, कार्बन फायबरचा एक आणि काउलचे दोन. त्या दोनातला एक तर काळ्याच लाइटनिंगवरचा आहे. पत्र वाचण्याआधी मी फोटो पाहिले, आणि तुम्हाला काय आवडलंय ते तेव्हाच कळलं. पत्रात मात्र "मला हे आवडलं" असं एकही वाक्य नाही. तापमान आहे, वजन आहे, हॉर्सपॉवर आहे. आवड असणं पुरेसं नाही, तिच्यामागे तांत्रिक कारण उभं केल्याशिवाय खर्च करणं बरोबर नाही, असं तुम्ही स्वतःला बजावलेलं दिसतंय.

मला हे पटत नाही. लाइटनिंग ही काही सामान वाहायला घेतलेली पिकअप नव्हे. ती तुम्ही हौसेनं घेतलीत, जपताय, आणि ती जशी दिसावीशी वाटते तशी ती दिसावी, एवढं कारण हूड बदलायला पुरेसं आहे. घोटाळा होतो तो त्या आवडीवर हॉर्सपॉवरचं लेबल चिकटवलं की. मग माणूस आवडलेली वस्तू सोडून कागदावर जास्त आकडे दाखवणारी वस्तू घेतो, गाडी तापायची तशीच तापते, आणि हूडही मनासारखं मिळत नाही. म्हणून गाडी मंदावणं आणि हूड निवडणं हे दोन वेगळे प्रश्न धरून चालू.

आधी मंदावण्याचं पाहू. तुमच्या 5.4 लिटर व्ही-8 वर ईटनचा एम112 सुपरचार्जर आहे, रूट्स जातीचा. तो हवा स्वतःच्या आत दाबत नाही, पुढे ढकलतो. हवा दाबली जाते ती पलीकडे गेल्यावर. रचना साधी आणि टिकाऊ आहे, पण या पद्धतीत हवा फार तापते. पुली लहान केली की सुपरचार्जर जास्त वेगानं फिरतो, बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, वाढतो आणि त्याबरोबर उष्णताही. ही तापलेली हवा सुपरचार्जरच्या खालीच बसवलेल्या इंटरकूलरमधून, म्हणजे हवा थंड करणाऱ्या भागातून, जाते. तिथली उष्णता पाणी उचलतं, आणि एक छोटा विजेचा पंप ते पाणी गाडीच्या नाकाशी, रेडिएटरच्या पुढे असलेल्या हीट एक्स्चेंजरकडे नेतो. थोडक्यात, इंजिनात जाणाऱ्या हवेची उष्णता शेवटी ज्या वाऱ्याच्या हवाली होते तो वारा पुढच्या जाळीतून येतो. हूडवरच्या स्कूपचा त्या व्यवस्थेशी संबंध नाही.

भारतात जुनी 3.0 लिटर डिझेल फॉर्च्युनर पाहिलेल्यांना तिच्या बॉनेटवरचं स्कूप आठवत असेल. सुबारूच्या डब्ल्यूआरएक्सवरही तसंच असतं. त्या गाड्यांत इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला आणि थेट हवेनं थंड होणारा असतो, त्यामुळे तिथे स्कूप नसेल तर काम अडेल. तुमच्या गाडीत इंटरकूलर पाण्याचा आहे. एका गाडीवर कामाचं असलेलं स्कूप दुसरीवर निव्वळ आकार म्हणून उरतं, ते यामुळे.

आता ड्रॅग स्ट्रिपवरचा क्रम डोळ्यांसमोर आणा. एक रन साधारण चौदा सेकंदांचा. तेवढ्यात इंटरकूलरचं पाणी बरंच तापतं. मग परत येऊन रांगेत उभं राहायचं. गाडी उभी, म्हणजे हीट एक्स्चेंजरवर वारा नाही, आणि इंजिनाची उष्णता सुपरचार्जरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कवचात मुरत राहते. पुढच्या रनला इंजिनाच्या कॉम्प्युटरला इंटरकूलरनंतरची हवा जास्त गरम लागते आणि इंजिन सांभाळण्यासाठी तो इग्निशनचं टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि ताकद घटते. तुम्हाला गाडी दमल्यासारखी वाटते, ती इथे.

हे माझ्या शब्दावर घेऊ नका, मोजा. ज्यांनी ट्यूनिंग केलं त्यांच्या सॉफ्टवेअरमधून फिल्टरजवळच्या आणि इंटरकूलरनंतरच्या हवेचं तापमान, दोन्ही एकाच रनला नोंदवून घ्या. सोबत त्या दिवशी बाहेर किती तापमान होतं तेही लिहा. धावत्या गाडीत फिल्टरजवळची हवा बाहेरच्या हवेच्या आसपासच असेल, तर इनटेकच्या बाजूनं हूड तुम्हाला काही देऊ शकणार नाही. आणि रनागणिक इंटरकूलरनंतरचा आकडा चढत असेल, तर पैसे तिथे घाला. पंप चालू असताना पाणी खरंच फिरतंय का ते टाकीत पाहा. एवढ्या वर्षांच्या गाडीत पंप क्षीण झालेला असणं किंवा त्या पाण्याच्या मार्गात हवा अडकलेली असणं मुळीच नवलाचं नाही. हीट एक्स्चेंजरच्या पात्यांत माती आणि किडे अडकलेत का तेही बघा. हे सगळं ठीक असेल तर मोठा हीट एक्स्चेंजर आणि जास्त पाणी मावणारी टाकी हा या दुखण्यावरचा सरळ उपाय. रांगेत उभं असताना हूड उघडं ठेवणं तर फुकटच आहे, आणि कोणतेही झरोके जेवढी उष्णता सोडतील त्याहून जास्त उष्णता त्यानं निघून जाते.

विक्रेत्याच्या पंधरा हॉर्सपॉवरचंही गणित करून पाहू. गाडीच्या वेगामुळे स्कूपच्या तोंडाशी हवेचा जो जादा दाब तयार होतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 60 मैलांना तो वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. ताशी 100 मैलांना, म्हणजे पाव मैलाची रेषा ओलांडताना तुमचा जो वेग असेल साधारण तेवढ्याला, तो सव्वा टक्क्याच्या आत-बाहेर भरतो. तुमच्या इंजिनाची कंपनीनं सांगितलेली ताकद 380 हॉर्सपॉवर. पुली बदलल्यावर ती वाढली असेल हे धरलं, तरी सव्वा टक्का म्हणजे पाच-सहा हॉर्सपॉवर, तेही रनच्या अगदी शेवटच्या क्षणी, आणि स्कूपपासून फिल्टरपर्यंतचा रस्ता कुठेही गळत नसेल तर. रेषेवरून सुटताना, जिथे तुम्हाला ताकद सर्वांत जास्त हवी असते, तिथे हा फायदा शून्य आहे.

रॅम एअरचा जो काही उपयोग होतो तो थंड हवेमुळे. हवा दहा अंश सेल्सियसनं थंड मिळाली तर ती सुमारे तीन टक्के दाट असते, आणि हा फायदा कोणत्याही वेगाला मिळतो. पण त्यासाठी तुमचा फिल्टर सध्या कुठली हवा घेतोय ते कळायला हवं, आणि पत्रात ते आलेलं नाही. कंपनीचा बंद डबा काढून उघडा शंकूसारखा फिल्टर लावला असेल, तर तो इंजिनाच्या कप्प्यातली तापलेली हवा ओढतोय. अशा वेळी त्याभोवती नीट पेटी करून बाहेरची हवा आणून देणं नक्कीच फायद्याचं, आणि त्यासाठी हूडच बदलायला हवं असं नाही. दुसरं म्हणजे, स्कूप हूडच्या मध्यभागी आणि फिल्टरचा डबा कोपऱ्यात. या दोघांना जोडणारी नळी आणि रबरी सील हूडसोबत येत नसेल, तर आत शिरणारी हवा कप्प्यात पसरते आणि त्याबरोबर पावसाचं पाणीही. 2021 च्या रॅम टीआरएक्स पिकअपवरचं स्कूप खरोखर एअर बॉक्सपर्यंत, म्हणजे फिल्टरच्या डब्यापर्यंत, हवा पोहोचवतं, कारण कंपनीनं तो मार्ग पहिल्यापासून आखलेला होता. नंतर घेतलेल्या हूडवर हा मार्ग तुम्हाला स्वतः तयार करावा लागतो. तुम्ही कॅलिफोर्नियात असाल तर आणखी एक गोष्ट: इनटेकच्या मार्गात फेरफार करणाऱ्या भागाला तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाच्या मंजुरीचा क्रमांक लागतो. स्मॉग तपासणीत, म्हणजे गाडीच्या धुराच्या तपासणीत, हे पाहतात.

आता काउल. तुमच्या मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि हा गैरसमज इतका पसरलेला आहे की जरा सविस्तर लिहितो.

गाडी वेगात असताना हूडवरून सरकणारी हवा समोरच्या काचेला अडते आणि काचेच्या पायथ्याशी दाब वाढतो. केबिनच्या एसीची हवा बहुतेक गाड्यांत तिथूनच घेतली जाते, ती यामुळेच. काउल इंडक्शन ही कल्पनाही याच दाबावर उभी आहे. 1970 च्या शेव्हरोलेट शेवेल एसएसच्या हूडवर मागच्या बाजूला एक झडप असायची. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ती व्हॅक्यूमनं उघडायची आणि काचेजवळची थंड हवा रबरी सीलमधून थेट एअर क्लीनरमध्ये जायची. काउलचं तोंड हवा आत घेण्यासाठी होतं. ज्या जागी दाब जास्त, तिथून उष्णता बाहेर कशी पडणार? उभ्या किंवा हळू चालणाऱ्या गाडीत गरम हवा वर चढते आणि काउलमधून बाहेर निघते, एवढं मित्राचं खरं. हायवेच्या वेगाला मात्र उघड्या काउलमधून हवा इंजिनाच्या कप्प्यात घुसू पाहते. रेडिएटरमधून आलेल्या हवेला निघायला जागा हवी असते, तिथे उलट दिशेनं दाब आला की थंडाव्याचं काम बिघडू शकतं. हूडच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर घालून फट ठेवणारे लोक भेटतात. त्यांच्याकडेही हेच होतं. शिवाय हूडच्या मागच्या कडेची रबरी पट्टी काढून टाकली असेल तर इंजिनाचा वास आणि गरम हवा एसीवाटे केबिनमध्ये येते.

मग काउल घेऊच नये का? घ्या की. फक्त ते कशासाठी घेताय ते ठरवून घ्या. हूडला जो उंचवटा मिळतो, तो काउलचा सगळ्यांत प्रामाणिक उपयोग. उंच सुपरचार्जर, उंच मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) बसवायचा असेल तर ती जागा लागते, आणि त्यासाठी मागचं तोंड उघडं असण्याची गरजही नसते. मागून बंद केलेलं काउल हूड कुणाची फसवणूक करत नाही. ते उंचवटा असलेलं हूड आहे आणि तसंच दिसतं.

इथे तुमच्या मोठ्या सुपरचार्जरचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते सगळ्या पत्रात निर्णय अडलाय तो इथेच. तो बसवायचा की नाही हे ठरल्याशिवाय हूडची ऑर्डर देऊ नका. ट्विन-स्क्रू, म्हणजे दोन मळसूत्रांत हवा दाबणाऱ्या, जातीचा सुपरचार्जर घेतलात तर त्याची उंची, त्याच्या वरच्या झाकणाचा आकार आणि थ्रॉटल बॉडीची, म्हणजे हवा आत सोडणाऱ्या झडपेची, जागा यांवर हूडखाली किती जागा लागेल ते ठरेल. कदाचित कंपनीच्याच हूडखाली तो बसेल, कदाचित चार इंच लागतील. आज अंदाजानं घेतलेलं हूड उद्या आतल्या फासळीला घासलं तर दोन्ही खर्च वाया. मोजायची जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे: सुपरचार्जरच्या उंच भागांवर खेळण्यातल्या मातीचे गोळे ठेवा, हूड हळूच बंद करा, उघडा आणि चेपलेल्या मातीची जाडी मोजा. जोर लावल्यावर इंजिन आपल्या माउंट्सवर पीळ खातं, म्हणून किमान पाऊण इंच तरी मोकळी जागा हवी.

सुपरचार्जर बदलायचा नसेल तर चार इंच उंची घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. पिकअपचं नाक आधीच उंच आणि लांब असतं. गाडीच्या लगेच पुढे उभं असलेलं लहान मूल आजही तुम्हाला दिसत नसेल. त्यात चार इंच वाढवणं म्हणजे न दिसणारी जागा आणखी पुढे ढकलणं. एक पुठ्ठा काउलच्या आकाराचा कापा, हूडवर चिकटवा, सीटवर बसा आणि कुणाला तरी गाडीसमोर झाडू धरून मागे-मागे जायला सांगा. झाडूचं टोक कुठे दिसू लागतं ते पुठ्ठा असताना आणि नसताना मोजा. मग दोन-अडीच इंचांचा पुठ्ठा लावून बघा. हाच पुठ्ठा काळ्या कागदानं मढवून गाडी दहा-पंधरा पावलांवरून, बाजूनं आणि तिरकी बघितलीत तर दिसण्याचाही निर्णय बराचसा होऊन जाईल. लाइटनिंग एकाच केबिनची, ठेंगण्या बांध्याची पिकअप आहे. मला तिच्यावर कमी उंचीचं काउल जास्त शोभतं. चार इंची काउल समोरून रुबाबदार वाटतं, पण बाजूनं नाक जड दिसू लागतं. अर्थात डोळे तुमचे आहेत.

झरोक्यांचं हूड हा तिघांत तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात अर्थपूर्ण प्रकार आहे, पण झरोके कुठे आहेत त्यावर सगळं अवलंबून. हूडच्या पुढच्या कडेवरून हवा वळते तिथे, म्हणजे पुढच्या साधारण एक तृतीयांश भागात, वरचा दाब कमी असतो. तिथले झरोके रेडिएटरमागची गरम हवा खरोखर बाहेर खेचतात. जसजसे काचेकडे जाल तसा दाब वाढत जातो आणि झरोक्याचा उपयोग घटत जातो. फोर्डनंच 2010 च्या एफ-150 रॅप्टरच्या हूडवर गरम हवेसाठी झरोके दिले. घेण्याआधी तपासायचं असेल तर पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरून यू आकाराचा साधा दाबमापक करा, एक टोक हूडच्या पृष्ठभागावर वेगवेगळ्या जागी चिकटवा आणि दुसरं हूडखाली सोडा. ताशी 60 मैलांना पाण्याच्या पातळीत मिलिमीटरांत मोजता येईल असा फरक दिसतो. ज्या जागी वरची बाजू खेचते, तिथे झरोका चालेल. हे काम बंदिस्त ट्रॅकवर करा आणि नळीकडे बघायला शेजारी दुसरं माणूस बसवा. झरोक्यांखाली पाणी गोळा करून बाजूला सोडणारी पन्हळ आहे का, हे विक्रेत्याला विचाराच. तुमच्या इंजिनात प्रत्येक स्पार्क प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे आणि प्लग खोल विहिरीत बसलेले आहेत. त्या विहिरीत पाणी साचलं की इंजिन मिसफायर करतं, म्हणजे अडखळतं.

शेकर, म्हणजे इंजिनावरच बसवलेलं आणि हूडच्या भोकातून वर येऊन इंजिनाबरोबर हलणारं स्कूप, तुम्ही विचारलेलं नाही. तुमच्या इंजिनावर त्याला करण्यासारखं काही नाही, म्हणून तो विषय सोडतो.

कार्बन फायबरबद्दल. पत्रात वजनाचा मुद्दा आहे. आधी एक चुंबक घेऊन सध्याच्या हूडला लावून बघा. चिकटला तर हूड पोलादी, आणि वजन वाचवायला वाव आहे. न चिकटला तर अ‍ॅल्युमिनियमचं असेल आणि वाव फारसा नाही. तुमची पिकअप दोन टनांहून जड आहे. हूडमध्ये दहा किलो वाचले तरी ते अर्ध्या टक्क्याहून कमी. शिवाय कार्बन फायबरच्या नावानं विकली जाणारी काही हूड्स मुळात फायबरग्लासची असतात, वर फक्त कार्बनचा एक थर. त्यात गैर काही नाही, पण किंमत त्यानुसार हवी. उघड्या विणकामावरचं रेझिन उन्हात पिवळं पडतं. अतिनील किरणांपासून वाचवणारा क्लिअर कोट वेळोवेळी करावा लागतो. हौस म्हणून घ्यायचं तर खुशाल घ्या. वजनासाठी म्हणाल तर हाच पैसा चांगल्या टायरवर लावलेला मला जास्त पटेल.

फायबरग्लासचं म्हणाल तर तुमचा काळा रंग ही खरी परीक्षा. पांढऱ्या किंवा करड्या गाडीवर लपून जाणारी प्रत्येक लाट काळ्यावर उघडी पडते. नवं फायबरग्लास काही काळ आतून सुकत असतं, आणि घाईनं रंगवलं तर पुढच्या उन्हाळ्यात आतल्या जाळीचा ठसा रंगावर उमटतो. म्हणून रंगाऱ्याला घाई करायला लावू नका. हूड आणल्यावर आधी न रंगवता गाडीवर बसवून बघा. फटी सगळीकडे सारख्या आहेत का, कोपरे फेंडरशी जुळतात का, लॅच, म्हणजे हूडची कडी, सहज लागतो का. रंगवलेलं हूड विक्रेता सहसा परत घेत नाही. ते मालवाहू ट्रकनं घरी येईल तेव्हा खोकं उघडून, सगळ्या कडा बघूनच सही करा. तडा दिसला तर पावतीवरच लिहा आणि फोटो काढा. आणि बजेट करताना रंग आणि बसवण्याची मजुरी आधीच धरा. काळ्या रंगाचं चांगलं काम हूडइतकंच महाग पडू शकतं.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टींवर तडजोड नको. अमेरिकेच्या संघीय वाहन सुरक्षा मानक क्रमांक 113 नुसार पुढून उघडणाऱ्या आणि उघडल्यावर चालकाची दृष्टी अडवणाऱ्या हूडला लॅचची दुसरी पायरी किंवा दुसरा लॅच असावा लागतो. तुमच्या हूडवर तो असलाच पाहिजे आणि नव्यावरही नीट चालला पाहिजे. हलकी हूड्स वेगात कडांना फडफडतात, त्यामुळे लॅचबरोबर हूड पिनाही लावून घ्या. दुसरं, कंपनीच्या हूडच्या आतल्या सांगाड्यात मुद्दाम कमकुवत जागा ठेवलेल्या असतात, म्हणजे धडक झाली की हूड मधून दुमडतं आणि काचेतून आत येत नाही. नव्या हूडमध्ये याचा विचार केलाय का, आतली चौकट कशी आहे, लॅचच्या जागी धातूची पट्टी आहे का, हे लेखी विचारा. उत्तर टाळणाऱ्याकडून घेऊ नका. हूड उचलून धरणारे गॅसचे दांडे असतील तर तेही तपासा. जड हूडसाठी केलेले दांडे हलक्या हूडला पीळ घालतात. विमा कंपनीलाही कळवा. नंतर बसवलेल्या भागांसाठी पॉलिसीत वेगळी मर्यादा असते, आणि पावत्या नसतील तर भरपाईच्या वेळी वाद होतो.

इतर वाचकांसाठी थोडं. सुपरचार्जर किंवा टर्बो नसलेल्या ताकदवान पिकअपवर, उदाहरणार्थ डॉजच्या व्ही-10 इंजिनाच्या रॅम एसआरटी-10 वर, इंटरकूलरचा प्रश्नच नसतो, म्हणून तिथे फिल्टरला बाहेरची हवा नीट मिळणं हीच मुख्य गोष्ट. ज्यांच्या गाड्यांवर कंपनीनंच स्कूप किंवा झरोके दिले आहेत त्यांनी ते आतून कुठे जोडलेत ते आधी बघावं. तो मार्ग तोडून लावलेलं दिखाऊ हूड कामात उणंच पडेल.

तुमच्या पत्नीच्या मताकडे परत येतो. आहे ते हूड छान दिसतं, हे त्यांचं म्हणणं मला खरंच वाटतं. लाइटनिंगची खुबी ही की कंपनीनं तिच्यावर आरडाओरडा करणारं काही लावलं नाही. साध्या एफ-150 च्या चेहऱ्यामागे ते इंजिन ठेवलं. त्यांना हॉर्सपॉवर वाढेल म्हणून सांगू नका. मला हे आवडतं, इतका खर्च आहे, आणि त्याआधी इंटरकूलरचं काम करायचं आहे, असं सरळ सांगा. पुठ्ठ्याचं काउल लावलेली गाडी दोघांनी मिळून बघा. मतभेद राहिला तरी तो रंगरूपाचा असेल, आणि तो मिटवता येतो.

मला निवडायला सांगितलं तर क्रम असा लावेन. या मोसमात तापमानाच्या नोंदी, पंप, पाणी आणि गरज पडली तर हीट एक्स्चेंजर. मग मोठ्या सुपरचार्जरचा कायमचा निर्णय. तो नको असं ठरलं तर दोन-अडीच इंचांचं फायबरग्लासचं काउल, मागून बंद किंवा पट्टी शाबूत ठेवलेलं, गाडीच्याच काळ्या रंगात. तो हवा असेल तर आधी सुपरचार्जर, मग मातीचे गोळे, मग हूड. जाणकारांच्या हसण्याचं म्हणाल, तर मागून बंद काउल पाहून कुणी विचारलं की हे काय करतं, तर सांगा, छान दिसतं. याला खोटं म्हणण्यासारखं काही उरत नाही.

आणि जुनं हूड विकू नका. 1999 ते 2004 या काळात या पिढीच्या लाइटनिंग 28 हजारांच्या आसपासच बनल्या. पुढे कधी गाडी विकायची वेळ आली तर मूळ हूड सोबत असण्यानं किमतीत फरक पडतो. ते जाड ब्लँकेटमध्ये गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, त्यावर काही रचू नका, आणि बिजागऱ्यांचे मूळ बोल्ट एका पिशवीत घालून त्यालाच बांधून ठेवा.